डॉक्टर कॉख आणि न दिसलेला जंतू

यंदाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. संतांवर आणि देशभक्तांवर लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेतच. म्हणून मी क्षयाचा जंतू शोधून काढणारे रॉबर्ट कॉख यांना निवडले.

त्यांचा जन्म 1843 साली जर्मनीतील क्लाउस्टाल या खाणींच्या गावी, मोठ्या खटल्याच्या घरात झाला. 1866 साली ते डॉक्टर झाले आणि 1872 पासून वोलस्टाइन या लहानशा गावी सरकारी वैद्य म्हणून राहिले. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. दवाखान्याच्याच खोलीत पडदा लावून त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. सूक्ष्मदर्शक यंत्र पत्नी एमीने वाढदिवसाला दिले, असे सांगतात. (याच एमीला सोडून त्यांनी 1893 साली दुसरा संसार मांडला, हे मला काही रुचले नाही.) त्या पडद्याआड त्यांनी काळपुळीच्या जंतूचा सारा जीवनक्रम पाहिला व 1876 साली तो विद्वानांपुढे ठेवला.

पण खरी अडचण पुढेच होती. त्या काळी जंतूंची चित्रे हाताने काढीत. एकाला कांडी दिसे, तर दुसऱ्याला ठिपका. मग कोणत्या रोगाचा कोणता जंतू हे ठरायचे कसे? म्हणून कॉख यांनी जंतूंची छायाचित्रे घेतली आणि 1877 साली प्रसिद्ध केली. मात्र छायाचित्रही जेवढे भिंग दाखवील तेवढेच दाखविणार. अंगणातील रांगोळीचे ठिपके आपण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिले, तर सगळी मिळून एकच रेघ भासते. त्या रेघेचा फोटो काढून तो कितीही मोठा केला, तरी ठिपके काही सुटे होत नाहीत. नुसते मोठे दिसणे निराळे आणि सुटे दिसणे निराळे!

हे सुटे दिसणे कोठवर शक्य आहे, त्याचे गणित येना येथील अर्न्स्ट आबे यांनी 1873 साली मांडले होते. भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवला म्हणजे एरवी हवेत बाहेर वळून वाया जाणारे किरणही भिंगात शिरतात व बारकावे उमटतात. आबे यांची अशी नवी भिंगे कॉख यांनी 1878 च्या सुमारास लगोलग वापरली. क्षयाचा जंतू तर इतका बारीक की त्याची जाडी त्या यंत्राच्या दृष्टीच्या सीमेजवळच येते! निळा रंग चढवून त्यांनी तो वेगळा केला आणि 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. क्षय घराण्यातूनच उतरतो, असे तोवर पुष्कळ लोक समजत. किती लेकीसुनांना त्या समजुतीचा जाच झाला असेल!

1884 साली त्यांनी कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. पुढे 1896 च्या अखेरीस गुरांच्या बुळकांडीसाठी त्यांना दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बोलावले. तेथे ज्ञान तेच, हात तेच, यंत्रही उत्तमच; पण जंतू काही सापडला नाही. मेलेल्या गुरांचे पित्त टोचून निरोगी जनावरे वाचविण्याची रीत मात्र त्यांनी बसविली. तेथून 1897 साली ते प्लेगच्या कामासाठी आपल्या मुंबईस आले. प्लेगचा जंतू 1894 सालीच हाँगकाँगमध्ये दिसला होता. तो भिंगाच्या आवाक्यातला होता.

बुळकांडीचे कारण मात्र विषाणू निघाले. जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही तो पार होतो, हे 1902 साली इस्तंबूलमध्ये सिद्ध झाले. प्रकाशाला सुटे दाखविता येते ते मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापर्यंत, आणि विषाणू बहुधा त्याहून लहान. कॉख यांना 1905 साली नोबेल पारितोषिक मिळाले व 27 मे 1910 रोजी ते निवर्तले. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी पाहणारे पहिले यंत्र त्यांच्याच बर्लिन शहरात एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी 1931 साली उभे केले.