कमल रणदिवे : कर्करोगाच्या वारशाचा माग

सावंतवाडीची एखादी बाई छातीतली गाठ दाखवायला बांबोळीला किंवा मुंबईला जाते, तेव्हा डॉक्टर केसपेपर लिहिता लिहिता एक प्रश्न हमखास विचारतात. घरात आधी कोणाला हा आजार होता का? उत्तर बहुतेक वेळा अर्धेच मिळते. मावशीचे ऑपरेशन झाल्याचे आठवते, पण ते कशाचे हे कोणी सांगितलेले नसते. घरात मुली लग्नाच्या असतात, म्हणून विषय दाबला जातो. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध भारतात ज्यांनी अगदी सुरुवातीला शोधायला घेतला, त्यांत डॉ. कमल रणदिवे होत्या.

त्या पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, माहेरचे नाव कमल समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. तिने दोन्ही केले नाही. हुजूरपागा आणि फर्ग्युसननंतर तिने पेशींचा अभ्यास निवडला आणि १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केले. एम.एस्सी.चा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. गुणसूत्रे ओळखायची नजर तयार झाली ती अशी फळझाडांवर.

लग्नानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियलमध्ये त्यांना गुरू भेटले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीचे नाव आडनावात वागवत होता. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी उंदरांच्या चार जाती अभ्यासायला घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या भावंडांचाच संकर करून वाढवलेल्या अशा जातीतले सारे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखे असतात. काही जातींत माद्यांना स्तनाचा कर्करोग सर्रास होतो, काहींत क्वचितच. कर्करोग होण्याआधीच त्यांच्या स्तनग्रंथींच्या रचनेत काही फरक दिसतो का, हे त्यांनी पाहिले. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. डीएनएची रचना जगाला कळायला तेव्हा आणखी चार वर्षे होती.

उंदरांचा हा गुंता सोपा नव्हता. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते की कर्करोगप्रवण जातीची पिल्ले दुसऱ्या जातीच्या मादीच्या अंगावर वाढवली, तर त्यांच्यातले कर्करोगाचे प्रमाण एकदम घसरते. दुधातून येणारा तो घटक पुढे विषाणू निघाला. एका जातीत तर पिल्ले झालेल्या माद्यांना कर्करोग होई आणि न व्यालेल्या बहुतेक सुटत. म्हणजे जनुके, संप्रेरके आणि विषाणू, तिघांचा त्यात हात. कमलताईंनी हे तिन्ही धागे एकत्र पाहिले, हे त्यांच्या कामाचे मोल. (बायकांनी यातून भलताच अर्थ काढू नये. माणसात आईच्या दुधातून कर्करोग जात नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका थोडा कमीच होतो.)

पुढे त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये काचेच्या नळीत वाढल्या, त्या याच प्रयोगशाळेत. ते तंत्र शिकून त्या परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ पासून चार वर्षे केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

माणसातले उत्तर मात्र उशिरा आले. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर जागा दाखवली. १९९४ मध्ये तिथले बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले, वर्षभरात बीआरसीए-२. ही जनुके एरवी रक्षणाचे काम करतात, तुटलेला डीएनए सांधतात. त्यातली एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल, तर उरलेल्या प्रतीवर भिस्त राहते, आणि एखाद्या पेशीत तीही गेली की कर्करोगाची वाट मोकळी होते. असा दोष असलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ७० जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. उरलेल्या ३० जणींना होत नाही. वारशात मिळतो तो धोका, आजार नव्हे. शिवाय स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत असे वारशाचे १०० मागे पाच ते दहाच.

केसपेपरवरच्या प्रश्नाला उत्तर देताना एक चूक नेहमी होते. आईकडचे सगळे आठवले जाते, वडिलांकडचे कोणी आठवत नाही. सदोष जनुक वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येते, मुलाला असो वा मुलीला, निम्मी. म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा. चाळिशीच्या आत झालेला कर्करोग, दोन्ही स्तनांतला, अंडाशयाचा, किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग घरात असेल, तर तो डॉक्टरांना न विचारता सांगावा. तपासणी आधी शक्यतो ज्याला आजार झाला त्याची होते, मग बहिणी आणि मुलींची.

कमलताई ११ एप्रिल २००१ रोजी गेल्या. परळची त्यांची संस्था पुढे खारघरला हलली. टाटा मेमोरियलच्या त्या आवारात आनुवंशिक कर्करोगाचे सल्लाकेंद्र आहे. सावंतवाडीहून रेल्वेने निघालेल्याला पनवेलला उतरले की ते जवळ पडते.