खरखर घालवणारा माणूस

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये एमएस करतेय. स्पॅनिशचं एक अक्षर तिला कळत नाही, पण कॉलेजला जाता-येता गाडीत ती एक स्पॅनिश स्टेशन ऐकायची. अ‍ॅकॉर्डियन, ट्रम्पेट आणि जीव तोडून गाणारा कुणीतरी बाप्या. मागे एका सोमवारी तिने रेडिओ लावला, तर त्याच आकड्यावर क्लबमध्ये वाजतात तसली धडामधुडुम गाणी. ना निरोप, ना सूचना. भाषा तीच, स्टेशन मात्र पार वेगळं. तिने वैतागून मला व्हॉइस नोट पाठवली आणि घरातली मास कॉमवाली म्हणून कारण शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगू? मला काहीच माहीत नव्हतं. पूर्ण कोर्समध्ये एफएमवर आम्हाला आलेला प्रश्न दोन मार्कांचा होता, फुल फॉर्म लिहा. फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. लिहिलं, मार्क मिळाले, विसरले.

तर माझ्या बहिणीचं ते स्टेशन म्हणजे खरं स्टेशनच नव्हतं. तिकडे त्याला ट्रान्सलेटर म्हणतात. भाषांतराशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या स्टेशनचा कार्यक्रम घ्यायचा आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडायचा, एवढंच त्याचं काम. ताकद जास्तीत जास्त २५० वॉट. अमेरिकेतलं मोठं एफएम स्टेशन १ लाख वॉटपर्यंत जाऊ शकतं, हे लक्षात घ्या. आता गंमत अशी, की मोठ्या स्टेशनांच्या डिजिटल सिग्नलमध्ये दुसरं, तिसरं चॅनल लपवता येतं, पण साध्या रेडिओवर ते ऐकूच येत नाही. मग ते चॅनल ट्रान्सलेटरला जोडायचं, की शहराला एक ‘नवं’ एफएम स्टेशन मिळालं! स्पॅनिश संगीताची कितीतरी छोटी स्टेशनं अशीच चालतात. एएमवर अडकलेली जुनी स्पॅनिश स्टेशनंही २००९ नंतर याच वाटेने एफएमवर आली. आणि गाणी कुठली लावायची, यात तिथली सरकारी यंत्रणा एफसीसी पडत नाही. त्यामुळे शुक्रवारी एक, सोमवारी दुसरंच.

पण मला अडकवलं त्या २५० वॉटने. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर याहून जास्त खातो! एवढ्याशा ताकदीवर गाणं इतकं स्वच्छ कसं पोचतं? हे शोधता शोधता मी एका माणसापाशी येऊन थांबले. त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. जन्म १८ डिसेंबर १८९०, न्यूयॉर्क. एफएम त्याने शोधलं, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.

लहानपणी एडविन बराच आजारी पडला. दोनेक वर्षं शाळा बुडाली आणि खांदा-मान झटकायची सवय आयुष्यभराची चिकटली. पुढे घर यॉन्कर्सला गेलं. माळ्यावरच्या खोलीत याचा वायरलेसचा पसारा. अँटेना उंच हवी म्हणून पठ्ठ्याने अंगणात सव्वाशे फुटांचा खांब स्वतः उभारला आणि त्यावर चढूनही बसला. उंचीची भीती हा प्रकार त्याच्यात नव्हताच.

कोलंबिया युनिव्हर्सिटीत तो मोटरसायकलवरून जायचा. १९१२ मध्ये, म्हणजे अजून डिग्री हातात नसताना, त्याने एक करामत केली. त्या काळी ऑडियन नावाची व्हॅक्यूम ट्यूब होती, ली डी फॉरेस्टने बनवलेली. ती नेमकी चालते कशी, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. एडविनने तिच्यातून बाहेर आलेला सिग्नल परत तिच्यातच फिरवला. जो आवाज आधी हेडफोन कानाला घट्ट दाबून ऐकावा लागायचा, तो खोलीभर ऐकू यायला लागला. पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले, वडील म्हणाले आधी डिग्री. (आई-वडील सगळीकडे सारखेच.) मग त्याने मोटरसायकल विकली. तोवर निदान पुरावा असावा म्हणून सर्किटची आकृती काढून नोटरीचा शिक्का मारून घेतला. ती तारीख ३१ जानेवारी १९१३. ही तारीख लक्षात असू द्या.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. तो सैन्याच्या सिग्नल विभागात पॅरिसला गेला आणि तिथे १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन सर्किट शोधून बसला. नाव अवघड आहे, सोडून द्या. पण नंतरचा जवळजवळ प्रत्येक रेडिओ आणि टीव्ही त्यावर चालला. आरसीए या रेडिओतल्या सगळ्यात बड्या कंपनीने त्याचा आणखी एक शोध विकत घेतला आणि तिशीतच तो गडगंज झाला. आरसीएचे डेव्हिड सार्नॉफ त्याचे दोस्त. सार्नॉफ यांच्या सेक्रेटरीच्या, मॅरियन मॅकिनिसच्या, तो प्रेमात पडला. तिला इम्प्रेस करायला काय करावं? न्यूयॉर्कच्या भर वस्तीतल्या आरसीएच्या टॉवरच्या टोकावर चढून फोटो काढून घेतले आणि तिला पाठवले. सार्नॉफ भडकले. पण १९२३ मध्ये लग्न झालं, आणि लग्नाची भेट म्हणून त्याने मॅरियनला स्वतः बनवलेला, उचलून नेता येईल असा रेडिओ दिला. दोघांचा पाम बीचच्या वाळूतला, त्या पेटीएवढ्या रेडिओसोबतचा फोटो आजही बघायला मिळतो. जमलं तर बघाच.

याच काळात कोर्टही सुरू होतं. विद्यार्थीदशेतला तो शोध आपलाच, असं डी फॉरेस्टचं म्हणणं. वीस वर्षं चाललेला हा खटला आर्मस्ट्राँग १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. शोध कुणाचा हे इंजिनीअर मंडळींना पक्कं माहीत होतं. त्यांच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक परत करायला तो गेला, तर त्यांनी ते घेतलंच नाही.

आता एफएम. एएम रेडिओत लाटेची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात. वीज चमकली की तीसुद्धा लाटेची उंचीच बदलते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगने उंचीला हातच लावला नाही. त्याने लाटेचा वेग, म्हणजे सेकंदाला किती लाटा, तो बदलला. हे आधीही लोकांनी करून बघितलं होतं आणि त्यात राम नाही असं गणिताने सिद्धही केलं होतं. पण ते सगळे अरुंद पट्ट्यात प्रयत्न करत होते. याने पट्टा भलताच रुंद केला, आणि खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ ला पेटंट मिळाली. १९३५ च्या नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्कमध्ये इंजिनीअरांसमोर प्रयोग केला. यॉन्कर्समधल्या मित्राच्या घरून ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज आला आणि तो पाण्याचा आणि कागदाचाच वाटला! रेडिओवर असं कुणी ऐकलंच नव्हतं.

एफएमची आणखी एक खोड आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं आली, तर जोरात असलेलं जिंकतं आणि दुसरं गायब होतं. एएमसारखी खिचडी होत नाही. मुंबई-पुणे प्रवासात ९८.३ लावून ठेवा, घाटाच्या आसपास मुंबईचा निवेदक जाऊन पुण्याचा येतो तो असा. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. ताकद थोडी असली तरी आपल्या चार-दोन मैलांत छोटा राजाच असतो. टेक्सासमधला ट्रान्सलेटर काय किंवा आपल्याकडचा १०० वॉटचा कॅम्पस रेडिओ काय, दोघं याच जोरावर जगतात.

मित्राने इतकं भारी काही शोधल्यावर सार्नॉफ खूश व्हायला हवे होते ना? पण त्यांना एएममध्ये सुधारणा हवी होती, एएमला हटवणारं काही नको होतं. शिवाय त्यांचे पैसे टीव्हीकडे लागले होते. एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून आर्मस्ट्राँगला यंत्रं हलवायला सांगितलं गेलं. त्याने पदरचे ३ लाखांहून जास्त डॉलर घालून न्यू जर्सीतल्या अल्पाइनला स्वतःचा टॉवर बांधला. १९४० मध्ये त्याने यॉन्कर्सचा कार्यक्रम टेलिफोनची तार न वापरता एका एफएम स्टेशनवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा थेट न्यू हॅम्पशायरच्या डोंगरापर्यंत नेला. एका स्टेशनचा कार्यक्रम पकडून दुसऱ्याने पुढे सोडायचा. ओळखीचं वाटतंय?

त्याच सुमारास आरसीएने त्याला १० लाख डॉलर देऊ केले. एकरकमी घ्या आणि विषय संपवा. बाकीच्या कंपन्या रॉयल्टी देत होत्या, मग यांना सूट का, म्हणून त्याने नकार दिला. मी हे वाचून दोन दिवस विचार करत होते. मी असते तर घेतले असते बहुतेक. दुसऱ्या महायुद्धात मात्र हाच हट्टी माणूस सैन्याला आपली पेटंट फुकट वापरू देत होता.

युद्ध संपलं आणि १९४५ मध्ये एफसीसीने एफएमची जागाच बदलली. ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ ते १०८ वर नेलं. सौर डागांमुळे खालच्या पट्ट्यात अडथळा येईल, असं कारण दिलं, ते आर्मस्ट्राँगला कधीच पटलं नाही. लोकांच्या घरातले लाखो एफएम सेट निकामी झाले. आज तुमच्या मोबाइलच्या रेडिओवर ८८ ते १०८ दिसतं ना, ते त्या निर्णयातून आलेलं. इकडे टीव्हीचा आवाज एफएमवरच जात होता आणि आरसीए त्याबद्दल एक पैसा देत नव्हती. १९४८ मध्ये त्याने खटला भरला. कंपनीच्या वकिलांनी नुसत्या साक्षी-उलटतपासणीत वर्षं घालवली. तोवर पेटंटची मुदत संपली आणि पैसेही.

पुढचं लिहायला मला आवडत नाहीये, पण त्याला नुसता हीरो करून सोडणं मॅरियनवर अन्याय होईल. १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला त्याने तिच्याकडे म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे मागितले. ती नाही म्हणाली. त्याने शेकोटीची सळई उगारली, ती तिच्या हाताला लागली. ती घर सोडून बहिणीकडे गेली. एकेकाळी तिच्यासाठी टॉवर चढलेला हा माणूस! तीस वर्षांचा संसार होता. पुढे त्याने तिच्यासाठी एक पत्र लिहून ठेवलं, त्यात झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होता. त्या रात्री त्याने आयुष्य संपवलं. वय ६३. तारीख ३१ जानेवारी १९५४.

मॅरियनने खटले सोडले नाहीत. त्याच वर्षी आरसीएने तिच्याशी तडजोड केली, रक्कम साधारण १० लाख डॉलर, म्हणजे त्याने १९४० मध्ये नाकारली होती तेवढीच. ती तिथे थांबली नाही. एकेक कंपनी कोर्टात खेचत गेली आणि शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा खटला १९६७ मध्ये संपला. तोही ती जिंकली.

तीन वर्षांनी, १९७० मध्ये, एफसीसीने एफएम ट्रान्सलेटरना परवानगी दिली. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर पडलं, त्यासोबत न्यूयॉर्कच्या टीव्ही स्टेशनांच्या अँटेना गेल्या, तेव्हा काही स्टेशनं तात्पुरती तिथूनच सुरू झाली होती. हे सगळं मी बहिणीला पाठवलं. आठ मिनिटांची व्हॉइस नोट झाली. तिने ती पूर्ण ऐकली की नाही कोण जाणे, पण तिला तिचा अ‍ॅकॉर्डियनवाला दुसऱ्या एका आकड्यावर सापडलाय म्हणे. सिग्नल फक्त कॉलेजपासून तिच्या घराच्या अलीकडच्या चौकापर्यंतच येतो.