आधी स्वतःला लस टोचणारे हाफकिन

मागच्या पालकसभेत फ्लूच्या लशीचा विषय निघाला, तेव्हा काही पालकांनी विचारले की लशीनेच आजार झाला तर काय करायचे? ही भीती नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईकरांनाही ती वाटत होती. ती घालविण्यासाठी आधी स्वतः लस टोचून घेणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्र शिकले. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातील काम पत्करून त्यांनी जंतूंचा अभ्यास केला. १८९२ मध्ये पटकीची लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोटीशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण लवकरच उतरला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, असे पुराव्यात आले होते. तरीही निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीत मारलेले जंतू होते. आजची फ्लूची सुईची लसही निष्क्रिय केलेल्या विषाणूपासूनच बनते. एखादा दिवस कणकण येईल, हात दुखेल, पण तिच्यामुळे फ्लू होत नाही. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. घरातील आजी-आजोबा, गरोदर स्त्रिया, लहान मुले, तसेच दमा, मधुमेह व हृदयविकाराचे रुग्ण यांना फ्लूचा धोका अधिक असतो. पालकांनी शंका मनात न ठेवता आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे, ही आमची विनंती.