लुईस गार्सिया बर्लांगा : हसवता हसवता खरं सांगणारा दिग्दर्शक

जन्म : १२ जून १९२१, व्हॅलेन्सिया (स्पेन)
मृत्यू : १३ नोव्हेंबर २०१०, माद्रिद

स्पेनमध्ये १९३९ ते १९७५ या काळात जनरल फ्रँको यांची हुकूमशाही होती. चित्रपटाची पटकथा आधी सरकारी परीक्षकांकडे जायची, तयार झालेला चित्रपटही पुन्हा त्यांच्याकडेच. अशा देशात राहून बर्लांगा यांनी विनोदी चित्रपट काढले.

त्यांचे वडील प्रजासत्ताकाच्या बाजूचे खासदार होते. यादवी युद्धात ती बाजू हरली आणि त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. शिक्षा कमी होईल या आशेने तरुण लुईस फ्रँको सरकारने हिटलरच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत भरती झाले, रशियाच्या आघाडीवर गेले. वडिलांचा जीव वाचला, पण तुरुंग चुकला नाही.

१९५३ मध्ये 'वेलकम मिस्टर मार्शल' आला. अमेरिकेची मदत मिळणार म्हणून एक गरीब गाव नटूनथटून उभं राहतं आणि पाहुण्यांच्या गाड्या न थांबता निघून जातात! सजावटीचा खर्च मात्र गावकऱ्यांनाच फेडावा लागतो. परीक्षकांना यात गाणी आणि गंमत दिसली. कान महोत्सवात चित्रपटाला बक्षीस मिळालं.

१९६३ चा 'एल वेर्दुगो' म्हणजे 'जल्लाद'. राहायला सरकारी घर मिळावं म्हणून एक साधा माणूस जल्लाद सासऱ्याची नोकरी पत्करतो. आपल्यावर कुणाला मारायची वेळ येणारच नाही, असं त्याला वाटतं. पण वेळ येते. कैदी शांतपणे चालतो आणि जल्लादालाच धरून ओढत न्यावं लागतं! प्रेक्षक हसतात आणि हसताना घशात आवंढा येतो. ज्या घराने मृत्युदंडाची टांगती तलवार पाहिली, त्या घरातला मुलगाच हे दाखवू शकत होता. व्हेनिसमध्ये चित्रपट गाजला, तर स्पेनचे इटलीतील राजदूत भडकले. मायदेशात त्याला कात्री लागली.

१९७५ मध्ये फ्रँको गेले. १९७८ च्या राज्यघटनेने शांततेच्या काळातला मृत्युदंड रद्द केला. यादवी युद्धावरची, पन्नाशीच्या दशकात लिहिलेली आणि अडवली गेलेली कथा बर्लांगा यांनी १९८५ मध्ये 'ला वाकिया' या चित्रपटातून अखेर पडद्यावर आणली. तिच्यावरही लोक पोटभर हसले.

आपल्या वर्गातली मुलंही कधी कधी हसत हसत खरं बोलून जातात. त्यांना गप्प करण्याआधी आपण क्षणभर थांबायला हवं, नाही का?