‘डॉक्टर हू’मधले पहिले आजोबा

बीबीसीने २३ नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील एक जुनी कथा नव्या रूपात दाखविली. डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झालेली ‘द डालेक्स’ ही सात भागांची कृष्णधवल कथा रंगीत करून सव्वा तासात बसविण्यात आली होती. धातूच्या कवचात राहणारे निर्दयी डालेक हे तिचे मोठे आकर्षण. तरीही नजर खिळते ती लांब पांढऱ्या केसांच्या तिरसट डॉक्टरवर. परग्रहावरचे शहर पाहण्याच्या हौसेपायी यान बिघडल्याची थाप मारून तो सोबत्यांचे प्राण धोक्यात घालतो. असा नायक प्रेक्षकांच्या गळी उतरविणारे अभिनेते होते विल्यम हार्टनेल.

८ जानेवारी १९०८ रोजी लंडनमध्ये एका अविवाहित मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वडील कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. कलासंग्राहक ह्यू ब्लेकर यांनी या उनाड मुलाला आधार दिला आणि अभिनयाची वाट दाखविली. फ्रँक बेन्सन यांच्या नाटकमंडळीत पडेल ते काम करीत ते घडले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात असताना मानसिक आघातामुळे त्यांना सैन्य सोडावे लागले. नियतीचा खेळ असा, की १९४४ च्या ‘द वे अहेड’ या चित्रपटात त्यांना कडक सार्जंटची भूमिका मिळाली आणि पुढे तीच त्यांची ओळख होऊन बसली. गणवेशातल्या त्या साच्याला ते कंटाळले होते.

सुटका झाली ती १९६३ मध्ये. ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मधील त्यांचे काम पाहून निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट यांनी त्यांना ‘डॉक्टर’ देऊ केला. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले, अवघ्या चोविशीतले वारिस हुसेन. पंचावन्न वर्षांच्या हार्टनेल यांनी पांढरा टोप चढविला. त्यांचा डॉक्टर हळूहळू मायाळू झाला आणि बालप्रेक्षकांना त्याचा लळा लागला. हार्टनेलही त्याच वेशात मुलांच्या मेळाव्यांना जात.

मात्र शरीर साथ देईना. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. चित्रण जवळजवळ सलग चाले, त्यामुळे अडखळलेली वाक्ये तशीच प्रक्षेपित होत. भूमिका सोडण्याची वेळ आली तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी अभिनव तोड निघाली : थकलेला डॉक्टर नव्या देहात प्रवेश करील. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हार्टनेल यांचा चेहरा विरघळून पॅट्रिक ट्रॉटन यांचा झाला. जिवंतपणीच आपली जागा दुसऱ्याला घेताना पाहणे त्यांना सोपे गेले नाही. ती भूमिका त्यांच्या जिवाचा विसावा होती.

१९७२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘द थ्री डॉक्टर्स’मध्ये ते शेवटचे दिसले, तेही बसूनच, समोर धरलेल्या फलकांवरील संवाद वाचत. २३ एप्रिल १९७५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अनेकांनी डॉक्टर साकारला. प्रत्येक बदलाचे मूळ मात्र हार्टनेल यांच्या त्या दुखण्यात आहे. पित्याचे छत्र न लाभलेला हा माणूस एका पिढीचा आजोबा झाला आणि जाता जाता आपल्या मालिकेला दीर्घायुष्य देऊन गेला.