अनंत फंदी यांचा डफ

पंडित कवींना मराठी साहित्याच्या इतिहासात जो मान सहज मिळाला, तो शाहिरांच्या वाट्याला फार उशिरा आला. डफ-तुणतुण्याच्या साथीने गायिलेले कवन हे काव्य की केवळ करमणूक, असा संशय सुशिक्षितांच्या मनात दीर्घकाळ वावरत होता. पेशवाईतील शाहीर अनंत फंदी यांना तर या संशयाला प्रत्यक्ष आयुष्यातच तोंड द्यावे लागले.

संगमनेर येथे १७४४ मध्ये एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आडनाव घोलप. गावातील मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांची मैत्री जडली आणि त्याचेच उपनाम लोकांनी त्यांनाही बहाल केले. पुढे तमाशाचा नाद लागला. रंगेल लावण्या, चुरचुरीत विनोद आणि पराक्रमाचे पोवाडे यांमुळे त्यांचे नाव दूरवर गेले. निजामाचा पराभव करणारी खर्ड्याची लढाई १७९५ मध्ये झाली. तिचा पोवाडा त्यांनी रचला. त्याच वर्षी सवाई माधवराव पेशव्यांचा अकाली अंत झाला. त्या शोकावरही त्यांनी ‘माधवनिधन’ हे काव्य लिहिले.

ब्राह्मणाने हाती डफ घ्यावा, हे अहिल्याबाई होळकरांना रुचले नाही. त्यांच्या उपदेशाने फंदी यांनी डफ फोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, अशी परंपरागत कथा आहे. हा प्रसंग पुष्कळदा पश्चात्तापाची कहाणी म्हणून सांगितला जातो. परंतु तसे मानल्यास कवीवर अन्याय होईल. ज्या फटक्यांमुळे ते आजही स्मरणात आहेत, त्या फटक्यांचा ठसका फडावरचाच आहे. जामीन राहू नये, पैजेच्या भरीस पडू नये, दुसऱ्याचे व्यंग चारचौघांत काढू नये, हा उपदेश शुष्क वाणीने केला असता तर कोणी ऐकला नसता. स्नेह्यासाठी पदरमोड करावी, पण जामीनकीपासून दूर राहावे, हा व्यवहारी सल्ला ऐकताना संसारी माणूस आधी हसतो आणि मग विचारात पडतो. हे सामर्थ्य फंदी यांना पोथीने नव्हे, श्रोत्यांनी दिले.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुढल्याच वर्षी फंदी निवर्तले. शाहिरांची कवने मात्र बराच काळ गायकांच्या मुखीच राहिली. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला, तेव्हा त्या परंपरेचा काही भाग कायमचा वाचला. ऑस्ट्रेलियातील रानोमाळ हिंडणाऱ्या गुराख्या-मेंढपाळांची विनोदी व साहसी गाणी बँजो पॅटरसन यांनी १९०५ मध्ये अशाच तळमळीने एकत्र केली. त्या देशात अशी गाणी राष्ट्रीय ठेवा मानली जातात.

आपल्याकडे फटका पाठ्यपुस्तकात शिरला, पण फड बाहेरच राहिला. विद्यार्थ्याला उपदेश पाठ होतो. तो रचणारा हात आधी डफावर पडत होता, हे त्याला क्वचितच सांगितले जाते. फंदी यांचा फटका शिकविताना त्यांचा पोवाडा आणि लावणीही वर्गात ऐकविली गेली पाहिजे. अन्यथा डफ एकदाच फुटला असे नव्हे. प्रत्येक पिढीत तो आपणच फोडत राहू.