हेन्री फोर्ड : मालक की मुकादम?

हेन्री फोर्ड म्हटले की मोटार आठवते. त्याचे चरित्र वाचताना मला मात्र त्याच्या मुलाची, एड्सेलची, कीव येत राहिली.

फोर्ड शेतकऱ्याचा मुलगा. ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्याचा जन्म झाला. शेतीत मन रमेना, म्हणून सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटच्या यंत्रशाळांत काम शिकू लागला. १८९६ साली त्याने घरामागच्या शेडमध्ये आपली पहिली गाडी बनवली. ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा या गृहस्थाने कुऱ्हाड घेऊन भिंतच फोडली! पुढे इतरांच्या भांडवलावर काढलेली पहिली कंपनी बुडाली, दुसरीतून त्याला बाहेर पडावे लागले. तिसरी, १९०३ ची, चालली. आपल्या कामात दुसऱ्याचा हात नको, हा त्याचा हट्ट याच अनुभवातून पक्का झाला असावा, असे मला वाटते.

१९०८ मध्ये 'मॉडेल टी' आली. १९१३ मध्ये सरकत्या साखळीवर जोडणी सुरू झाली आणि सांगाडा जोडण्याचे साडेबारा तासांचे काम दीड तासावर आले. पण दिवसभर तेच ते काम करून कंटाळलेले कामगार नोकरी सोडून जाऊ लागले. तेव्हा, जानेवारी १९१४ मध्ये, फोर्डने आठ तासांसाठी पाच डॉलर रोज जाहीर केला. याचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मात्र त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम अटीवर होती. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन पाहत : दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, शिल्लक किती टाकतो. पुढे रूज नदीकाठच्या कारखान्यात काम करताना बसणे, बोलणे, शीळ घालणेही मना झाले. हॅरी बेनेट नावाच्या अधिकाऱ्याची माणसे पाळत ठेवत. कामगार ओठ न हलवता बोलायला शिकले.

माझे वडील कारखान्यात पाळीवर जातात. पाणी प्यायला उठले तरी मुकादम घड्याळ पाहतो. तो मुकादम निदान दुसऱ्याचा नोकर आहे. फोर्डला कोणाची भीती होती?

१९१९ साली त्याने इतर भागीदारांचे सगळे भाग विकत घेतले. त्याच वर्षी पंचवीस वर्षांचा एड्सेल कंपनीचा अध्यक्ष झाला. खुर्ची मुलाची, हुकूम बापाचा! मुलाने घेतलेले निर्णय बाप फिरवी, तेही चारचौघांत. नवे मॉडेल काढावे असे एड्सेल सांगत होता. शेव्हरोलेट पुढे निघून गेली, तेव्हा कुठे १९२७ मध्ये 'मॉडेल टी' बंद झाली. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डच्या गाड्यांना १९३९ च्या मॉडेलपर्यंत मिळाले नाहीत. १९४३ मध्ये पोटाच्या कर्करोगाने एड्सेल गेला, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी. आणि ऐंशीला टेकलेला बाप पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसला.

१९४५ मध्ये पत्नी क्लॅरा आणि विधवा सून एलिनॉर यांनी हट्ट धरला, एलिनॉरने आपले भाग विकून टाकण्याची धमकी दिली, तेव्हा त्याने खुर्ची नातवाला दिली. नातवाने लगेच बेनेटला घरी बसवले.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्ड वारला. रूज नदीला पूर आला होता, बंगल्याचे स्वतःचे वीजघर बंद पडले होते. उशाशी मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे जळत होते.